सात बाटल्या आणि एक किलो मीठ : दिराच्या रीफ टँकचं प्रकरण

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री आम्ही फिलाडेल्फियाजवळ दिराकडे पोचलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी बाटल्या मांडलेल्या होत्या. मोजून सात, दिराच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टाकीत, टाकायच्या. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, अमिनो ॲसिड, आणि सातवी नुसतीच ‘ट्रेस’, म्हणजे अगदी कणभर लागणारी मूलद्रव्यं. "वहिनी, यातलं नक्की काय टाकायचं आणि काय नाही, ते आज सांगूनच झोपायचं," असा हुकूम झाला.

माझा पोटापाण्याचा धंदा न्यू जर्सीत पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा. घरी नऊ वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे, म्हणून सासरच्या माणसांत या विषयावर माझा शब्द शेवटचा धरला जातो. तेवढा भरवसा ठेवायचं कारण नाही, पण तो मुद्दा वेगळा.

आधी टाकीविषयी. काच ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८४ लिटर, आणि खाली सम्प, म्हणजे तिला जोडलेली दुसरी टाकी. सम्पचं पाणी धरलं आणि दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ३०० लिटर. वय चौदा महिने. क्लाउनफिशची जोडी, काही लहान मासे, झोअँथिड, मशरूम आणि हाताएवढं लेदर कोरल. हे प्रवाळ सगळे मऊ, दगडी सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे वर्षभर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलून टाकी आनंदात होती. ऑक्टोबरच्या शेवटी एका ओळखीच्या छांदिष्टाने आपली टाकी मोडली आणि भावजींनी तिथून कडक प्रवाळ आणले : डोक्याएवढी हॅमरची वसाहत, माँटिपोराच्या दोन ताटल्या, ॲक्रोपोराचे तीन तुकडे. दुकानात सल्ला मिळाला की आता ‘डोसिंग’शिवाय, म्हणजे रोज बाटलीतून क्षार टाकल्याशिवाय, गत्यंतर नाही. ३ नोव्हेंबरला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सगळं मोजलं :

कॅल्शियम ३६५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम ११४०, अल्कलिनिटी ६.९ डीकेएच, क्षारता ३५. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेटसारखं, आम्ल पचवणारं सामान, आणि डीकेएच हे तिचं एकक. क्षारता म्हणजे मीठ, लिटरमागे साधारण इतके ग्रॅम.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० ते ४२०, मॅग्नेशियम १२८० च्या आसपास, अल्कलिनिटी ७ च्या घरात. म्हणजे दोन गोष्टी उघड कमी आणि तिसरी काठावर. बाटल्या आल्या. लेबलावर लिहिलं होतं तेवढं, रोज, न चुकता. चोवीस दिवसांनी मी तिथे उभी होते तेव्हा हॅमर मिटलेला होता, दोन ॲक्रोपोराची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती आणि हीटरवर पीठ चिकटल्यासारखा थर होता.

(ठाण्याची एक मैत्रीण हे वाचून लगेच विचारणार म्हणून इथेच सांगून टाकते. भारतात कडक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजी अलीचे प्रवाळ हलवायलासुद्धा परवानगी काढावी लागली होती. तेव्हा हे प्रकरण अमेरिकेतल्या टाकीचं आणि तिथेच राहू दे.)

पहिली रात्र : बाटल्यांना हात न लावता

मी माझ्या पेटीतून स्वतःचे किट काढले. अल्कलिनिटी मोजायची म्हणजे नळीतल्या पाण्यात थेंबाथेंबाने आम्ल सोडायचं आणि निळसर हिरवा रंग गुलाबीकडे वळला की थांबायचं. भावजी पहिली गुलाबी छटा दिसली की थांबत होते, आणि हलवल्यावर ती छटा परत हिरवी होत होती. त्यांचा आकडा १०.६, माझा ११.२. फरक फार नाही, पण इथून पुढे मोजणारा एकच माणूस आणि थांबायची खूण एकच, असं ठरलं.

२६ नोव्हेंबरचे आकडे : अल्कलिनिटी ११.२, कॅल्शियम ३९५, मॅग्नेशियम ११९०. तीन आठवड्यांत अल्कलिनिटी ६.९ वरून ११.२. टोकं का जळली याचं उत्तर इथेच मिळालं असं वाटेल. मलाही वाटलं. पण ३ तारखेचे मूळ आकडे डोळ्यांत खुपत होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाच प्रमाणात कमी का असावेत? प्रवाळ कॅल्शियम खातात, मॅग्नेशियम अगदी थोडं घेतात. खाऊन कमी झालं असतं तर कॅल्शियम घसरलं असतं, अल्कलिनिटी त्याहून जोरात घसरली असती आणि मॅग्नेशियम जागच्या जागी राहिलं असतं. इथे दोन्ही जणू कुणी पाणी घालून पातळ केल्यासारखे. आमटीत पाणी जास्त झालं की मीठ, तिखट, गूळ सगळंच एकदम कमी लागतं, तसं.

मग विचारलं, "भावजी, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कशावर लावून घेता?"

"आरओच्या पाण्यावर. शून्यावर आणतो. दर आठवड्याला," ते जरा अभिमानानेच म्हणाले.

शून्य बरोबर असलं म्हणून पस्तीस बरोबर असतं असं नाही. काटा एका टोकाला जुळवला तरी पट्टीचा उतार चुकलेला असू शकतो, आणि स्वस्तातल्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये तो बरेचदा चुकलेला असतो. माझ्याकडे ३५ चं प्रमाणित द्रावण होतं. ते नसेल तर स्वयंपाकघरात करता येतं : ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. दोन्ही वजनाने, मापाने नाही. हे द्रावण प्रकाशाला तितकंच वाकवतं जितकं ३५ क्षारतेचं समुद्राचं पाणी वाकवतं. आम्ही दोन्ही थेंब पाहिले. दोन्ही वेळा यंत्र ३९ दाखवत होतं.

म्हणजे यंत्र ३५ म्हणत होतं तेव्हा पाणी खरं तर साधारण ३१.४ होतं. टेबलावरच्या पेपर नॅपकिनवर भागाकार केला. ३१.४ भागिले ३५ म्हणजे ०.८९७. तीन तारखेचे आकडे त्याने भागले : कॅल्शियम ४०७, मॅग्नेशियम १२७१, अल्कलिनिटी ७.७. तिन्ही जिथे असायला हवेत तिथे. कमी कॅल्शियम नव्हतं, कमी मीठ होतं. ३०० लिटरमध्ये लिटरमागे ३.६ ग्रॅम, म्हणजे टाकीला एक किलोहून थोडं जास्तच मीठ हवं होतं. आणि त्याच्या बदल्यात घरात सात बाटल्या आल्या होत्या.

भावजी नॅपकिन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे एका बाटलीचीही गरज नव्हती?"

३ नोव्हेंबरला नव्हती. पण "आज आहे का" हा प्रश्न वेगळा, आणि या दोन प्रश्नांची गल्लत करूनच बहुतेक टाक्या बिघडतात.

टोकं कुणी जाळली

माझ्या मते दोन आरोपी आहेत आणि दोघांना वेगळं काढता येत नाही. नवे प्रवाळ ज्या टाकीतून आले तिथली क्षारता ३५ होती. ते एका दिवसात ३१.४ मध्ये पडले. हॅमर तेवढ्यानेही मिटतो. दुसरीकडे अल्कलिनिटी झपाट्याने चढली, आणि भावजींचं स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, इतकं तगडं, शिवाय फॉस्फेट ओढणारी माती इतकी, की नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्यावर. खाणं नाही आणि सांगाडा बांधायचं सामान मात्र भरमसाट, अशा टाकीत ॲक्रोपोराची टोकं पांढरी होताना मी माझ्याकडेही पाहिली आहेत. कुणाचा वाटा किती ते सांगणं म्हणजे अंदाज. दोन्ही दुरुस्त करायचे होते, त्यामुळे निकाल देण्याची घाईही नव्हती.

हीटरवरच्या थराचा गुन्हेगार मात्र रंगेहाथ सापडला. सकाळी भावजींनी डोस कसा देतात ते करून दाखवलं : सम्पच्या एकाच कोपऱ्यात आधी कॅल्शियम, लगेच वरून अल्कलिनिटी. पाण्यात दुधासारखा ढग उठला. दोन्ही एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट झालं, म्हणजे चुनखडी. पैसे देऊन आणलेलं सामान प्रवाळापर्यंत पोचण्याआधीच खडू बनून खाली बसलं. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून ते आधी हीटरवर आणि पंपात जमतं. व्हिनेगरमध्ये बुडवल्यावर हीटर फसफसून स्वच्छ झाला. पंपाचाही आवाज कमी झाला.

क्षारता वर आणायचा मार्ग सोपा होता. हिवाळ्यात घर तापवलेलं, हवा कोरडी, रोज सुमारे चार लिटर पाणी उडतं. उडताना फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून एरवी भर गोड्या पाण्याची घालायची. आम्ही आठ दिवस ती भर खाऱ्या पाण्याची घालायची ठरवली. चार लिटरमध्ये १४० ग्रॅम मीठ, म्हणजे टाकीच्या क्षारतेत रोज अर्ध्या अंशाहून थोडी कमी वाढ. माशांना कळतही नाही. सातही बाटल्या मी कपाटात ठेवल्या. अल्कलिनिटी खाली आणायला आम्ल टाकू का, असा फोन दोन दिवसांनी आलाच. काही टाकायचं नाही. प्रवाळ खातील आणि ती आपसूक उतरेल. आणि ती किती वेगाने उतरते हेच तर मला मोजायचं होतं.

चौदा दिवस फक्त मोजायचं

डोस द्यायचा की नाही, याचं उत्तर बाटलीवर नसतं. ते टाकी रोज किती खाते यात असतं. ७ डिसेंबरपासून रोज रात्री नऊला, दिवे मावळायच्या आधी, एकच चाचणी आणि एकच आकडा. किटची अचूकताच पाव-अर्ध्या अंशाची, त्यामुळे आज-उद्याच्या फरकाला अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी आकडा वर गेला म्हणून भावजी घाबरले, पाचव्या दिवशी फार खाली गेला म्हणून घाबरले. मी म्हटलं, पंधरवड्याने बघू.

चौदा दिवसांत १०.४ वरून ८.१. घट २.३, रोजची सरासरी ०.१६ डीकेएच. याच काळात कॅल्शियम ४३५ वरून ४२० झालं. हे दोन आकडे एकमेकांची साक्ष देतात. प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात उचलतात : दर १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम. २.३ ला १६. किटवर १५ दिसलं. मॅग्नेशियम हललंच नाही, १३२० च्या आसपास राहिलं. म्हणून रोज अल्कलिनिटीच मोजायची. कॅल्शियमच्या ४२० मध्ये १६ ची घट लक्षात येत नाही, पण ८ मधून २ गेले की टाकी हादरते.

आता नोव्हेंबरचा हिशोब उलटा मांडता आला. चोवीस दिवसांत ४.३ ने चढली, तेवढ्यात प्रवाळांनी रोज ०.१६ प्रमाणे जवळपास ३.८ खाल्ली. म्हणजे किमान ८.१ डीकेएच ओतली गेली होती, रोजची ०.३४. गरजेच्या दुप्पट, आणि हीटरवरचा खडू त्याखेरीज. बाटली खोटी नव्हती. लेबल लिहिणाऱ्याला भावजींच्या टाकीत किती प्रवाळ आहेत ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, इतकंच.

"मग नुसतं पाणी बदलून भागवू," भावजी म्हणाले. औषध सोडून पथ्यावर येणाऱ्या रोग्याचा उत्साह. पण भागत नाही. आठवड्याची भूक १.१ डीकेएच. दहा टक्के पाणी बदललं की नव्या आणि जुन्या पाण्यातल्या फरकाचा फक्त दहावा भाग टाकीत येतो. नवं पाणी ८ चं आणि टाकी ७ वर असेल तर मिळतात ०.१. भूक भागायची तर नवं पाणी टाकीपेक्षा ११ अंशांनी वरचढ हवं. तसलं मीठ कुणी विकत नाही. मऊ प्रवाळांच्या दिवसांत हेच पाणी बदलणं पुरत होतं, कारण भूकच नव्हती.

तेव्हा २१ डिसेंबरचं उत्तर : होय, डोस द्यायचा. दोनच गोष्टींचा, मोजून. बाकी पाच बाटल्यांपैकी मॅग्नेशियमची महिन्यातून एकदा चाचणी घ्यायची आणि लागलीच तर उघडायची. अमिनो ॲसिडचा विचार नायट्रेट हातात आल्यावर. आयोडीन, स्ट्रॉन्शियम आणि ‘ट्रेस’ या तिघांना माझा साफ नकार. घरी ते भरवशाने मोजता येत नाहीत, पाणी बदलताना मिठातून थोडे येतच असतात, आणि जे मोजता येत नाही ते रोज ओतत राहणं म्हणजे डोळे बांधून फोडणी घालणं. भावजींना वाईट वाटलं. ‘ट्रेस’ सगळ्यात महाग होती.

सांगलीचा सल्ला

आता ते ०.१६ कशातून द्यायचं? स्वस्त आणि सरळ मार्ग खायच्या सोड्याचा. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. भावजींच्या टाकीला रोज दीड ग्रॅमही नाही, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. त्याच्या जोडीला तितकंच कॅल्शियम क्लोराइड, सम्पच्या दुसऱ्या टोकाला आणि वेगळ्या वेळी. बाटल्यांतही साधारण हेच असतं. मी ते लिहून देणारच होते, पण एक आकडा आडवा आला. टाकीचा पीएच सकाळी ७.८. अमेरिकेतल्या हिवाळ्यात खिडक्या महिनोन् महिने बंद, घरात माणसं, गॅस, कुत्रा. हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात उतरतो आणि पीएच खाली ओढतो. खायचा सोडा यात काही मदत करत नाही. चुना करतो. विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचंच बायकार्बोनेट करतो. वर कॅल्शियमही योग्य प्रमाणात मिळतं. रीफवाले याला ‘कॅल्कवासर’ म्हणतात. शब्द जर्मन, वस्तू मात्र ओळखीची.

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल होता. पाठीमागे बरणीत पांढरं पाणी पाहून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, पेठा करताय का?" त्यांच्या माहेरी कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत भिजत घालायचे. मी म्हटलं, मासे आहेत, त्यांच्यासाठी. क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "चुना रात्री कालवून ठेव. सकाळी वरची साय काढायची, मधली निवळी अलगद घ्यायची. गाळाला धक्का लावायचा नाही. गाळ गेला की पेठा बिघडतो."

रीफच्या रसायनाबद्दल इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. वरची साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट, उपयोग शून्य. तळाच्या गाळात न विरघळलेला चुना आणि चुन्यातले बरेचसे नको ते धातू अडकून राहतात. चांगली असते ती मधली निवळी. एक मात्र मी सासूबाईंशी बोलले नाही : पानाच्या डबीतला चुना यासाठी वापरायचा नाही, त्याच्या शुद्धतेची हमी नसते. इथे किराण्यात लोणच्यासाठी खाद्य दर्जाचा कोरडा चुना मिळतो, तो घेतला.

संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि बरणी चार वर्षांच्या पुतण्याच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर. दोन लिटर निवळी आणि अठरा लिटर आरओचं पाणी अशी वीस लिटरची भर-पाण्याची कॅन. ती पाच दिवस पुरते आणि त्यातून रोज ०.१५ च्या आसपास मिळते. उरलेली तूट पाणी बदलताना भरून निघते. निवळी इतकी पातळ का, असं भावजींनी विचारलं. रोज उडणारे चारही लिटर संपृक्त निवळीचे दिले असते तर दिवसाला दीड डीकेएच चढली असती. शिवाय भर घालणारा पंप फ्लोट स्विचवर, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या बटणावर, चालतो, आणि फ्लोट स्विच कधी ना कधी अडकतो.

महिनाभरात ॲक्रोपोराचे दोन तुकडे गेले. तिसऱ्याच्या जळलेल्या टोकांवर जांभळट कातडं परत चढलं. हॅमर पहिल्यासारखा उघडायला लागला. अल्कलिनिटी ७.९ ते ८.३ मध्ये, सकाळचा पीएच ८ च्या पुढे. फॉस्फेटवाली माती निम्मी केली.

जानेवारीच्या शेवटी एका पहाटे सहाला फोन वाजला. फ्लोट स्विचमध्ये गोगलगाय अडकली होती आणि रात्री भरलेली वीस लिटरची कॅन सकाळी रिकामी होती. "वहिनी, सगळा चुना आत गेला. आता काय?"

मी झोपेतच विचारलं, आकडा किती?

"अल्कलिनिटी ८.३. काल ८.१ होती," ते म्हणाले, आणि मग स्वतःच थांबले. पलीकडे स्वयंपाकघरातलं कपाट उघडल्याचा आवाज आला. मिठाच्या द्रावणाची बाटली तिथेच ठेवलेली असते. यंत्र त्यावर ताडून घेतलं, मग टाकीचा थेंब. "पावणेतेहेतीस. चुना नाही वहिनी, पाणी जास्त झालंय. पुन्हा मिठाचीच भर घालतो, सावकाश," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.